टेपचं दुसरं टोक

हे सगळं मी डाव्या हातानं लिहितो आहे, तेव्हा अक्षराकडं कानाडोळा करावा. एरवी माझं अक्षर हा मोजणी खात्यात कौतुकाचा विषय होता. बत्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दींचे नकाशे काढले, आणि माझ्या हातचा नकाशा कोर्टात गेला की वकील मंडळी भांडण विसरून आधी अक्षर बघत. तो हात सध्या कामात आहे.

नाव श्रीपती वाघ्रुळकर, वय चौसष्ट, रक्तदाब सोडला तर तब्येत ठणठणीत. जालन्याहून अंबडकडं निघालं, चौफुली मागं टाकली की एक प्लॉटिंग लागतं. प्लॉट पाडले चाळीस, घरं झाली सहा. आमचा पस्तीस नंबर, सगळ्यांत आत. रस्ता वळतो तिथं एक कडुनिंब आहे, निंबाशेजारी रामकिसन खरात यांचं घर, आणि तिथून आमचं घर एकशे चौऱ्याऐंशी मीटर. मध्ये नुसती काळी जमीन. मागच्या अंगालाही तीच, उन्हाळ्यात भेगाळलेली, जागोजागी उपटून टाकलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग. हे अंतर मी मोजलेलं आहे. मी सगळंच मोजतो. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही ह्यांच्या डोक्यात त्याची लांबी-रुंदीच चालू असणार, असं माझी बायको उमा चारचौघांत सांगते. ती सांगते ते खरं आहे.

मला नाद जुन्या धनुष्यांचा. एकोणनव्वद साली अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला मोजणीला गेलो होतो. तिथं एका गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं धनुष्य दिसलं. वेळूचं, मधोमध धरून धरून गुळगुळीत झालेलं. मी मागितलं, त्या माणसानं हसत देऊन टाकलं. तिथून जी सुरुवात झाली ती थांबली नाही. भोकरदन, सोयगाव, कन्नड, पार सातपुड्यापर्यंत मी हिंडलो. कुणी वेळूचं केलेलं, कुणी धामणाच्या लाकडाचं. कुणाची दोरी आतड्याच्या तातीची, कुणाची वेळूच्याच कांबीची. करणाऱ्याचं नाव कळलं तर मी ते लिहून ठेवतो, कारण ते कारागीर आता राहिले नाहीत आणि त्यांची मुलं गवंडीकाम करतात. यंदाच्या चैत्रापर्यंत एक्कावन्न धनुष्यं झाली होती. दिवाणखान्याच्या तीन भिंती भरल्या. "बाकीच्यांच्या सवती निदान चहा तरी करत असतील," असं उमा म्हणायची, आणि दर दसऱ्याला एकेक खाली काढून जवसाच्या तेलानं पुसायचीही तीच.

प्रत्येक धनुष्याच्या बाबतीत माझा एक रिवाज होता. घरी आणलं की दोरी चढवायची. संध्याकाळी वारा पडला की मागच्या पायरीवर उभं राहून एकच बाण मारायचा. अंतर मोजायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. तोवर बाण जागेवरच ठेवायचा. खूण हलवायची नाही, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. मोजणी पुरी होईपर्यंत खुंटीला कुणी हात लावायचा नाही. सकाळी उमा टेपचं कडीचं टोक घेऊन बाणापर्यंत चालत जायची, कडी बाणाला टेकवायची आणि ओरडायची, "धरलं हो!" मग टेपला दोन हिसके. पहिला हलका, दुसरा जरा जोरात. त्यानंतर मी आकडा वाचायचो. असं एक्कावन्न वेळा. दुसऱ्या कुणाला टेप धरता येत नाही. झोळ पडतो.

बावन्नावं धनुष्य मिळालं धावडा गावात. वैशाखातली दुपार होती. पुढं कडूबाचं पंक्चरचं दुकान, मागं घर. कडूबाचा बाप त्या भागातला शेवटचा कमानगर, म्हणजे धनुष्यं करणारा. धनुष्य आढ्याला बांधलेलं होतं, चुलीच्या धुरानं काळंभोर झालेलं. खाली काढून पुसलं तर आतून धामणाचं मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. लांबी पाच फूट दोन इंच. मुठीपाशी सात बारीक खाचा. माझ्या एक्कावन्नांत इतकं नेटकं एकही नव्हतं. मला ते हवंच होतं, आणि एखादी गोष्ट हवी झाली की मी लहान पोरासारखा वागतो, हे लपवून काय उपयोग.

"हे शिकारीचं न्हाई सायेब," कडूबा म्हणाला. "शिवेचं हाय."

दोन गावांची हद्द काही केल्या ठरत नसली की त्याच्या आज्याला बोलावणं यायचं. आजा दोन्ही गावांच्या देखत एका जागी उभा राहून एकच बाण मारायचा. बाण पडला तिथं शीव. मंग कुणी तोंड उघडायचं न्हाई, असं कडूबा म्हणाला.

"म्हणजे तुझा आजा आमच्याच खात्यातला," मी म्हणालो.

कडूबा हसला. कोपऱ्यात त्याची आई चांगुणाबाई चिंचा फोडत बसली होती. ती हसली नाही.

धनुष्याला दोरी नव्हती. मी विचारलं तर कडूबानं माजघरातल्या कणगीकडं बोट केलं. "चिल्ला ज्वारीत हाय. चिल्ला आन् हे एका जागी ठेवत न्हाईत आमच्यात."

दोरीशिवाय धनुष्य मी कधी घेतलं नाही. हटून बसलो. दोन चहा झाले. शेवटी कडूबानं कणगीत कोपरापर्यंत हात घालून एक गुंडाळी वर काढली. माझ्या हातात दिली तेव्हा ती थंड लागली. बाहेर बेचाळीस अंश होते.

"चढवू नका मातर," तो म्हणाला. "भिंतीला लावा, फोटो काढा, काय बी करा."

"त्यो चढवणार हाय," चांगुणाबाई म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. तिनं माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. "सायेब, बाण मारलाच तर त्याच्या मागं पळत जा. पडला की उचल. जिमिनीत रात काढू देऊ नको."

"का हो आजी?"

"उचलला न्हाई तर शीव थांबत न्हाई. चालती."

शीव चालते हे मला नवीन नव्हतं. बत्तीस वर्षं मी तेच बघत आलो. बांध रातोरात सरकतात, हद्दीचे दगड सरकतात, आणि सरकवणारेच सकाळी मोजणीवाल्याला आग्रह करून चहा पाजतात. मी म्हातारीला नमस्कार केला आणि निघालो.

पुढच्या सोमवारी सकाळी उमा तिच्या बहिणीकडं, प्रभावतीकडं, केदारखेड्याला गेली. कुरडया घालायच्या होत्या. बुधवारी परत येणार होती. तोवर दम धरायला हरकत नव्हती, पण मला तो निघाला नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर मी मागच्या पायरीवर बसून चिल्ला चढवला. इतकं जुनं लाकूड वाकवताना करकरतं. हे करकरलं नाही. बाण सोडला. बाकीची धनुष्यं टणकारतात. ह्याचा आवाज कुणीतरी हलक्या हातानं दार लोटून घ्यावं तसा आला.

मी चालत गेलो. एकशे वीस पावलं, म्हणजे नव्वद मीटरच्या आसपास. माझ्या वयाच्या माणसाच्या हातून इतक्या लांब बाण जात नाही. ढेकळात तो सरळ उभा होता. म्हातारीचं बोलणं आठवलं नाही असं नाही, आठवलं. पण उमा बुधवारी येणार, ती कडी धरणार, मग मी आकडा वाचणार. तिच्याशिवाय बावन्नावं मोजायचं माझ्या जिवावर आलं. आणि खूण हलवायची नाही हे हाडात मुरलेलं. मी बाणाशेजारी लाल झेंडी रोवली आणि घरी येऊन पिठलं-भाकरी केली.

मंगळवारी दूध आलं नाही. हरिओम चार वर्षं आमच्याकडं दूध घालतो. फोन केला तर म्हणाला, "सायेब, मी आल्तो की. तीन चकरा मारल्या. तुमची गल्लीच सापडून न्हाई राह्यली." मी त्याला चार शब्द सुनावले. मागं जाऊन बघतो तर झेंडी होती, बाण नव्हता. त्याच्या जागी बोटभर रुंदीचं भोक, कडा कापल्यासारख्या साफ. पोरांनी नेला असणार, मी म्हणालो. मग लक्षात आलं की रामकिसनचं कुत्रं आज भाकरीला आलेलं नाही. ते दूर रस्त्यावर उभं होतं. आमच्या दिशेनं थोडं आलं, जमीन हुंगत डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं, आणि शेपूट खाली घालून परत फिरलं.

बुधवारी सकाळी झेंडीच्या अलीकडं दुसरं भोक होतं. घराच्या बाजूला आठेक मीटर आत. त्याच्या कडा ओल्या होत्या, आणि पाऊस पडून सात महिने झाले होते. आता मला वाईट वाटायला लागलं. भीती म्हणत नाही. कुणीतरी माझी खूण हलवतंय याचा राग म्हणा.

साडेअकराला उमाचा फोन आला. "अहो, मी निंबापाशी उतरले. जरा पुढं या, दोन्ही हातांत पिशव्या आहेत."

मी गेट उघडून बाहेर आलो. ती मला स्वच्छ दिसत होती. जांभळी साडी, दोन पिशव्या जमिनीवर टेकवलेल्या, फोन कानाला. मी हात वर केला. ती माझ्याकडंच बघत होती.

"ये की," मी फोनवर म्हणालो.

"कुठं येऊ?"

"अगं, समोर."

"समोर काय आहे?" ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "अहो, समोर नुसतं रान आहे. आपलं घर कुठंय?"

मी तिला म्हणालो, सरळ चाल, नाकासमोर. ती पिशव्या उचलून चालायला लागली. शंभर पावलं तिला मी येताना बघितली. मग ती दिसेनाशी झाली. मी घरातून धावत मागच्या पायरीवर गेलो. ती मागच्या रानात होती, पाठमोरी, पिशव्या घेऊन दूर चाललेली. "अजून चालू का हो?" ती फोनवर विचारत होती. "पाय दुखायला लागले."

मी ओरडलो. फोनवर तिला ऐकू आलं, रानात आलं नाही. मी तिच्यामागं पळालो, आणि एका भोकाजवळून पुढं पाऊल टाकलं तो समोर माझंच पुढचं गेट. तीनदा केलं. एकदा पुढून, दोनदा मागून. कागदाला घडी घातली की दोन कडा एकमेकींवर येतात आणि मधला मजकूर आत जातो, तसं झालं होतं. मी त्या मजकुरात होतो. मग मी गेटपाशीच बसलो, आणि फोनवर उमा रडत होती ते ऐकत राहिलो.

ती रामकिसनच्या घरी राहिली. गुरुवारी पुण्याहून आमचा मुलगा अपूर्व आला. तो निंबाखाली उभा राहून मला फोनवर सारखं एकच विचारत होता, "बाबा, तुम्ही नक्की कुठं आहात?" तो शहाणा आहे, माझ्यासारखाच कागदावर विश्वास ठेवणारा. जाऊन मंजूर नकाशा बघून आला.

"चौतीसनंतर छत्तीस आहे बाबा," तो म्हणाला. "मध्ये काहीच नाही. खाडाखोडसुद्धा नाही."

तेव्हा मला एक्क्याण्णव सालची मोजणी आठवली. धावड्याचीच. एका गटाची जमीन कागदापेक्षा तीन एकर अकरा गुंठे कमी भरली. जुन्या नकाशात तिथं छोटी वस्ती दाखवलेली होती, जमिनीवर काही नव्हतं, दगडसुद्धा नाही. मी दोनदा मोजलं आणि कागद जमिनीप्रमाणे दुरुस्त केला. कागद चुकतो, जमीन चुकत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. त्या दुरुस्तीवर माझी सही आहे.

मी कडूबाला फोन लावला. त्यानं तो आईच्या कानाला दिला.

"सात घरं व्हती," चांगुणाबाई म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात हिरीच्या पाण्यावरून भांडण झालं, आमच्या मालकांनी, कडूबाच्या बापानं, बाण मारला, आन् वावटळ सुटली. बाण गावला न्हाई. मी भोकरदनच्या बाजाराला गेल्ते. माझं माहेर व्हतं ते, सायेब."

"आता काय करू?"

"बाण उचल. दुसरं काय न्हाई."

फोन ठेवून मी धनुष्य हातात घेतलं. मुठीपाशी खाचा आठ होत्या.

बाण मला सापडला नाही. उजाडायच्या आत जाऊन बसलो तरी भोक आधीच पडलेलं असायचं. पण शुक्रवारी सकाळी एक गोष्ट सुचली, आणि ती सुचल्याचा मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. मी टेपची कडी घेऊन भोकाच्या पलीकडं फेकली. कडी दिसेनाशी झाली. पिवळी फीत तेवढी उन्हाच्या झळांत शिरलेली दिसत होती. उमाला फोन केला. ती मागच्या रानात तासभर शोधत होती.

"अहो! कडी आहे इथं! मातीत आहे!"

"धर."

"धरलं हो!"

आणि दोन हिसके. पहिला हलका, दुसरा जरा जोरात.

मी पायरीवर बसून रडलो. चौसष्ट वर्षांचा माणूस, टेप उराशी धरून. ती टेप धरून चालत आली तरी घर तिला लागत नव्हतं. ती दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायची आणि टेप तिच्या हातात असायची. पण टेप होती. भोकापर्यंतचं अंतर भरलं एकसष्ट मीटर चाळीस. मी ते नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं, आणि फोनवर उमा हुंदके देत हसली.

अपूर्वला कामावर जावं लागलं. उमा हलायला तयार नव्हती. रोज सकाळी सातला मी पायरीवर, ती रानात. शनिवारी त्रेपन्न दहा. रविवारी चव्वेचाळीस ऐंशी. सोमवारी छत्तीस पन्नास. रोज आठ मीटर तीस कमी, सेंटिमीटरचा फरक नाही. मी तिला म्हणायचो, हे चांगलं आहे, आपण जवळ येतोय. एक दिवस तू दारातच असशील. ती म्हणायची, "रक्तदाबाची गोळी घेतलीत का?" डबे भरलेले होते, टाकीत पाणी होतं. मला इतक्या वर्षांत ती कधी इतकी हवीशी वाटली नव्हती, आणि हे मी तिला फोनवर सांगितलंही. ती म्हणाली, "आता सुचलं होय."

मंगळवारी तिचा फोन लागेना. माझ्या फोनवर कुणाचेच फोन येईनात. पण बरोबर सातला दोन हिसके आले, तेव्हा मी निश्चिंत झालो. अठ्ठावीस वीस. बुधवारी हिसके. एकोणीस नव्वद. फोन नसला तरी चालतंय, आपलं माणूस टोकाला आहे. झळा आता इतक्या जवळ आल्या होत्या की कडुनिंब दिसत नव्हता, पऱ्हाट्यांचे ढीग दिसत नव्हते. सगळीकडं पांढरं. पाखरांचा आवाज नाही.

गुरुवारी अकरा साठ. त्या दुपारी कडूबाचा फोन मात्र लागला. मी म्हातारीला उत्साहानं टेपचं सांगितलं. रोज दोन हिसके येतात, म्हणालो. बायको धरते.



"हात बघितला का?" तिनं विचारलं.

फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

आज शुक्रवार. भोक मागच्या अंगणातल्या तुळशीपाशी पडलं होतं. मी सातला कडी सोडली. दोन हिसके. तीन मीटर तीस.

आकडा वाचत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा! चार दिवस लावतोय मी!" अपूर्व होता. "आई सोमवारी संध्याकाळी रामकिसनकाकांकडं चक्कर येऊन पडली. तिला रात्रीच पुण्याला आणलं. आता बरी आहे. थांबा, देतो."

"अहो," उमा म्हणाली. "जेवताय ना नीट?"

उजव्या हातात टेप ताणलेली होती.

"उमा, आज टेप तू धरलीस ना?"

"मी कशी धरणार? मी सोमवारनंतर तिथं नाहीच हो."

तुळशीजवळून, त्या पांढऱ्यातून, हाक आली.

"धरलं हो!"

हाक फोनवर उमालाही ऐकू गेली.

"कोण आहे तिथं?" ती म्हणाली. मग अगदी हळू, "अहो, हा तर माझा आवाज."

"उमा—"

"सोडा ती टेप. ऐकताय ना? सोडा!"

फोन तुटला. तेव्हापासून तो बंद आहे.

मी टेप सोडलेली नाही. हे पुन्हा पुन्हा विचार करून सांगतो. टेप सोडली आणि ती तिकडं खेचली गेली, तर उमा परत आल्यावर तिला माझ्यापर्यंत यायला काहीच उरत नाही. ती येणार. मी तिला ओळखतो. पुण्याहून मिळेल त्या गाडीनं निघेल, निंबापाशी उतरेल आणि रानात कडी शोधत बसेल. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. उमा, कडी सापडली तर लगेच धरू नकोस. आधी मला नावानं हाक मार. माझं नाव तू चाळीस वर्षांत एकदाच घेतलंस, लग्नात, उखाण्यात. ते ह्या रानात कुणी ऐकलेलं नसेल.

हाक पुन्हा आलेली नाही. हिसकेही थांबलेत.

पण दुसरं टोक जवळ येतंय. फीत सैल पडू नये म्हणून माझा हात सवयीनं वळसे घेत जातो. उजव्या मनगटाभोवती बरेच वळसे बसलेत, बोटं बधिर झालीत.

लिहायला बसलो तेव्हा तीन मीटर तीस होते.

आता नव्वद सेंटिमीटर आहेत, आणि टेपला जराही झोळ नाही.